बिनफोडणीचा रविवार

४ नोव्हेंबर १९६२, रविवार

टोप मिळाला! लोखंडी, खाकी, समोर पांढऱ्या रंगात इंग्रजी डब्ल्यू. डब्ल्यू म्हणजे वॉर्डन. आमच्या गल्लीचा हवाई हल्ला वॉर्डन म्हणून माझी निवड झाली. चिनी तिकडे आसामच्या वर नेफात उतरले, सरकारनं आणीबाणी पुकारली, आणि साहेब लोकांना एकदम आठवलं की देशाचं पोलाद भिलाईत तयार होतं. बॉम्ब पडायचाच तर आधी इथं पडणार. मी यार्डात वॅगनांचे नंबर टिपणारा कारकून. दिवसभर वॅगन समोरून जातात, एकही थांबून माझं ऐकत नाही. आता आख्खी गल्ली ऐकेल!

कांताने टोप हातात घेऊन उलटा केला. "यात तांदूळ चांगले भिजतीन," म्हणाली. मग मला आरशासमोर पाहून, "अवो, लढाई नेफात अन् तुमी घरात टोप घालून कावून फिरून राहिले? उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग."

हसू दे. तिला सातवा लागला आहे. लग्नाला सहा वर्षं झाली. पहिलं मूल नागपुरात पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हापासून ती कुठल्याच गोष्टीचा आनंद आधी करत नाही. अंगडं-टोपडं शिवायला काढलं तर कापड परत ट्रंकेत ठेवते. म्हणून तिच्या वाटचा आनंदही मलाच करावा लागतो. आता तर सरकारी जबाबदारीच आली. चिनी काय, त्यांचा बाप आला तरी या दोघांना मी काही होऊ देणार नाही.

६ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेच्या मैदानावरच्या तंबूत पहिलं लेक्चर. शिकवायला मेजर दौलतराव, फौजेतून निवृत्त. मिशा पांढऱ्या, पण आवाज असा की शेजारी पेंगत बसलेला पुंडलिक दचकून ताठ झाला. (पुंडलिक म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहतो तो. रोलिंग मिलमध्ये आहे. रात्रपाळी करून आला होता बिचारा.)

विषय: विषारी वायू. काय विषय आहे! १९१५ साली बेल्जियममध्ये जर्मनांनी नळकांड्यांच्या तोट्या उघडल्या आणि पिवळट हिरवा ढग जमिनीवरून रांगत आला. समोरच्यांकडे काही योजना नव्हती, काही नाही. लघवीत भिजवलेला रुमाल तोंडाला लावायचा, ही पहिली योजना. आपले शिपाईही त्या आघाडीवर होते, त्यांनी म्हणे फेट्याचं टोक ओलं करून नाकाला गुंडाळलं. तिथून पुढे मग मोठमोठ्या लोकांनी बसून डोकं चालवलं. माणसांचे मास्क, घोड्यांचे मास्क, कबुतरांच्या पेट्यांना फडकी. १९२५ साली जिनिव्हात सगळ्यांनी सह्या केल्या की वायू वापरायचा नाही, आणि घरी जाऊन सगळ्यांनी तो बनवायला घेतला. दुसऱ्या लढाईत विलायतेत घरटी मास्क वाटले होते. तान्ह्या बाळांसाठी तर आख्खी पिशवी, आईने बाहेरून भाता हलवत राहायचा म्हणजे आत चांगली हवा जाते. मी दोनदा विचारून घेतलं की ती पिशवी इथे मिळेल का. नाही मिळणार.

मेजर म्हणाले, "आपल्याकडे तेवढे मास्क नाहीत. गरिबाचे दोन बंदोबस्त. पहिला, नाक. दुसरा, घरातली एक खोली पक्की बंद." मग वासाचा तक्ता. मस्टर्ड गॅस म्हणजे लसूण-मोहरीसारखा वास. फॉस्जीन म्हणजे कुबट वाळलेल्या गवताचा. तिसरा जिरॅनियमच्या पानांसारखा. जिरॅनियम कोणीच पाहिलं नव्हतं, तेव्हा तो वायू भिलाईत पडू नये एवढीच आशा. रोगाचे जंतू, प्लेगचे उंदीर हे पुढच्या वेळी. शेवटी चुली-कंदिलाबद्दल काही सूचना देत होते, पण मी तोवर घोड्याच्या मास्कचं चित्र काढण्यात गुंतलो होतो. चित्र फार छान आलं.

आजपासून तंबाखू बंद. वॉर्डनचं नाक साफ पाहिजे.

११ नोव्हेंबर, रविवार

गल्लीतल्या बायकांचा वर्ग घेतला. पिंपळाखाली सतरंजी टाकली. काचेच्या बरण्या मांडल्या. एकीत ठेचलेला लसूण, एकीत कुटलेली मोहरी, एकीत शेजारच्या रिसाली गावच्या बंडीवाल्याकडून आणलेलं ओलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, दोन दिवस झाकून कुबट केलेलं. एकेकीने डोळे मिटून हुंगायचं आणि नाव सांगायचं. "मोहरी गॅस!" "तणस गॅस!" काय गंमत आली म्हणून सांगू! वास आला की थाळी बडवायची, ओला पदर नाकाला, आणि घरात.

पुंडलिकाची बायको रुक्मा सगळ्यांत हुशार निघाली. एकदाही चुकली नाही. मी तिला गल्लीची उपवॉर्डन केलं. कांता खाटेवर बसून कुडवाच्या मापात शेंगा सोलत होती. म्हणाली, "नाकानं कांदे सोलनारे लय पाह्यले, नाकानं लसूण वळखनारे तुमीच पहिले."

सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. ती हसली, हे जास्त महत्त्वाचं.

१४ नोव्हेंबर, बुधवार

घात झाला. दुपारी मी यार्डातून जेवायला येतोय तर गल्लीत थाळ्यांचा दणदणाट. बायका ओले पदर नाकाला लावून सैरावैरा, पोरं रडतायत, कुत्री भुंकतायत. रुक्मा मधोमध उभी राहून परात बडवत होती.

"भाऊजी, मोहरी गॅस! लसून बी हाय! लय जोराचा!"

मी नाक वर केलं. खरंच होता. टोप घरी, मी रस्त्यात! वास काढत काढत निघालो आणि पोचलो तो माझ्याच दारात. कांता चुलीशी बसून वरणाला फोडणी देत होती.

"काय झालं वो एवढं?" तिने विचारलं. कढईत मोहरी तडतडत होती, लसूण लाल झाला होता.

आता यात रुक्माची काय चूक? तक्ता विलायतेत तयार झाला. तिथल्या माणसाला लसणाचा वास आला म्हणजे काहीतरी भयंकर झालं असणार. आमच्याकडे लसणाचा वास आला म्हणजे जेवायची वेळ झाली. आणि तणसाचं म्हणाल तर धानाची कापणी चालू आहे, रिसालीपासून सगळा मुलूख फॉस्जीनने भरला आहे!

पुंडलिक संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला, "काय गा देवीदास, जयभीम. आज चिन्यानं वरनात बॉम्ब टाकला म्हन्ते?"

१५ नोव्हेंबर, गुरुवार

भीत भीत मेजरांना सांगितलं. ते आधी हसले, इतके की खुर्ची करकरली. मग गंभीर झाले. म्हणाले, "देवीदास, हा मुद्दा मोलाचा आहे. नागपूरच्या ट्रेनिंग संस्थेला कळवला पाहिजे." मोलाचा मुद्दा! माझा! हुकूम निघाला: कवायतीच्या दिवशी सेक्टरात कोणीही फोडणी देऊ नये, म्हणजे वॉर्डनच्या नाकात गोंधळ होणार नाही.

आणि आणखी मोठी बातमी. नऊ डिसेंबरला मोठी कवायत. साहेब लोक येणार. एक घर आदर्श म्हणून दाखवायचं, त्यात पक्की बंद खोली. मी ताबडतोब हात वर केला.

१८ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर खोली. आतली छोटी, एक खिडकी असलेली, कांताच्या बाळंतपणासाठी ठरवलेली. हीच घेतली, कारण बाळ इथेच येणार. गव्हाची खळ शिजवली, वर्तमानपत्रं आणि सिमेंटच्या पिशव्यांचा कागद. खिडकी, कौलाखालच्या फटी, भिंतीतली उंदराची बिळं, सगळं बुजवलं. दाराला घोंगडं, ते ओलं करायचं. पुंडलिकाने शिडी धरली आणि तोंडाने टोमणे चालू ठेवले. संध्याकाळी मी आत बसलो आणि त्याला बाहेरून उदबत्ती घेऊन फिरवलं. आत वासाचा कणही नाही! मी आतून ओरडलो, "पास!"

कांता दारातून डोकावली. "इथं मुंगीलेबी श्वास घेता येनार नाही."

"तेच तर पाहिजे," मी म्हटलं.

ती भिंतीवरच्या कागदावर हात फिरवून गेली. तिलाही आवडली असणार.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

चीनने लढाई थांबवली. रेडिओवर सांगितलं. यार्डात सगळे नाचले, पेढे वाटले. मीही पेढा खाल्ला. इथे खरं लिहायचं तर मला थोडं वाईट वाटलं. इतकी सुंदर खोली!

पुंडलिक म्हणाला, "आता तुया टोपात काय, कोंबडी बसवतं? वरातीमागून घोडं."

धावत मेजरांकडे गेलो. ते म्हणाले कवायत होणार म्हणजे होणार. फौजेचं काम लढाई संपल्यावर संपत नाही, पुढच्या लढाईसाठी सुरू होतं. किती खरं आहे! कोट्यवधी मास्क तयार झाले आणि दुसऱ्या लढाईत विलायतेवर वायू पडलाच नाही. म्हणजे मास्क फुकट गेले का? मेजर म्हणतात, मास्क होते म्हणूनच पडला नाही. मी रस्ताभर हेच घोकत आलो.

२ डिसेंबर, रविवार

रंगीत तालीम. घोंगडं ओलं, बाहेर थंडीने दात वाजतात, आणि आतली जमीन बर्फ. कांताचे पाय आधीच सुजतात, गारठ्याने ती कुडकुडायला लागली. तेव्हा मला एकदम सुचलं. शेगडी! लाकडाची नाही, त्याचा धूर होतो. कारखान्यातला कोक, भाजलेला दगडी कोळसा. पुंडलिकाकडे पोतंभर आहे. बाहेर अंगणात फुलवून लालबुंद केला, धूर संपल्यावर आत नेला. धूर नाही, वास नाही, नुसती ऊब. माझ्या नाकाने दोनदा तपासलं. काही म्हणता काही नाही.

कांता, रुक्मा आणि मी आत बसलो. छान गप्पा झाल्या. थोड्या वेळाने कांता म्हणाली डोकं जड झालं. मग रुक्मा म्हणाली, आपलंही. मग खरं तर माझंही ठणकायला लागलं, पण वॉर्डनने आधी बाहेर पडणं बरं दिसत नाही. बाहेर आल्यावर कांताला उलटी झाली. सातव्या-आठव्या महिन्यात व्हायच्याच. आणि बंद खोलीची सवय नाही ना आपल्या लोकांना, अंगणात वाढलेलो आपण. सवयीने जमेल.

तिला म्हटलं, "आता एकच डाव, नऊ तारखेचा."

"तुमच्यासाठी बसतो," ती म्हणाली. "गॅसासाठी नाही."

केवढा आनंद झाला मला!

९ डिसेंबर, रविवार, सकाळ

आज! रात्रभर झोप नाही. टोपाला खोबरेल लावून चमकवला. सगळ्या सेक्टरात चुलीवर नुसतं उकडलेलं. बिनफोडणीचं वरण, बिनफोडणीची भाजी. बाप्ये कुरकुरत ड्यूटीवर गेले. पण हवा! असली हवा भिलाईत मी कधी घेतली नाही. लसूण नाही, मोहरी नाही, मिरचीचा ठसका नाही. मुंगीच्या पायाचाही वास आला तर मला कळेल. शेगडी फुलतेय. दुपारी भोंगा. जातो.

१० डिसेंबर, सोमवार. दवाखान्याच्या ओट्यावर

लिहायला हात चालत नाही. पण लिहिलं नाही तर नुसता बसून राहीन.

भोंगा झाला. कांता आणि रुक्मा आत गेल्या, मी बाहेरून घोंगडं पाणी मारून लावलं. साहेबांची जीप पहिल्या गल्लीत थांबली, मग दुसऱ्या. त्यांना उशीर होत होता. आतून कांताचा आवाज आला, "अवो, डोकं फुटून राहिलं. उघडा ना."

मी म्हटलं, "बस थोडी. साहेब येऊनच राहिले."

पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, "वॉर्डनच्या घरूनच उघडलं तर लोक काय म्हणतीन?"

मग ती काही बोलली नाही. रुक्माही नाही. आणि मला, देवा, मला अभिमान वाटला. म्हटलं, काय शिस्त आहे. दुसऱ्या घरांतून बायकांचा कलकलाट चालू होता आणि माझ्या खोलीतून चकार शब्द नाही.

साहेब आले. मी सलाम ठोकला आणि ऐटीत घोंगडं बाजूला केलं. रुक्मा दाराशी भिंतीला टेकून, मान खाली. कांता आत शेगडीशेजारी चटईवर आडवी. चेहरा कसा गुलाबी, टवटवीत, गेल्या कित्येक महिन्यांत दिसला नव्हता तसा. मी साहेबांना म्हटलं, "झोप लागली जी तिले." माझी जीभ झडली असती तर बरं.

मेजरांनी शेगडी पाहिली. "अरे गाढवा!" एवढंच ओरडले आणि आत घुसले. खिडकीचा कागद त्यांनी कोपराने फोडला. दोघींना अंगणात ओढून आणलं. रुक्माने जरा वेळात डोळे उघडले, वांती केली, रडली. ती दाराच्या फटीशी होती. कांता उठली नाही. तिला जीपमध्ये घातलं. माझा टोप तिथेच अंगणात पडला.

डॉक्टरीणबाईंनी नळी लावून हवा दिली. ऑक्सिजन म्हणतात. मी विचारलं, काय झालं. म्हणाल्या, "गॅस लागला."

मी म्हटलं, "शक्य नाही बाई. आज फोडणीसुद्धा नव्हती. मी स्वतः वास घेतला. कोणता गॅस?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "शेगडीचा," त्या म्हणाल्या. "कोकचा. याला वास नसतो."

कांता संध्याकाळी शुद्धीवर आली. पहिला हात पोटावर गेला. मग तिने डोळे मिटून घेतले. माझ्याकडे पाहिलं नाही.

११ डिसेंबर, मंगळवार

डॉक्टरीणबाई लाकडी कर्णा पोटाला लावून फार वेळ ऐकत होत्या. ठोके आहेत म्हणाल्या, पण मंद. पोटातल्या जिवाला हा वायू आईपेक्षा जास्त लागतो. "हालचाल कळली की सांगा," एवढंच सांगून गेल्या.

हालचाल नाही. रविवारच्या सकाळपर्यंत उड्या मारत होतं, असं रुक्मा सांगते. रुक्मा स्वतः डोक्याला फडकं बांधून डबा घेऊन आली. मी तिच्या पायाशी बसलो तर म्हणाली, "उठा भाऊजी. मीबी तर बसली होती आनंदानं. तुमी आमाले घाबरवलं नाही, खेळवलं. म्हनून तर बसलो." हे ऐकून जास्तच लागलं.

मेजर येऊन गेले. ओरडले नाहीत. दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, "चुली-कंदिलाचं सांगितलं होतं मी. पण तुमच्याकडून म्हणवून घ्यायला हवं होतं."

पुंडलिकाने काल जाऊन खोलीतला सगळा कागद फाडून टाकला. मला न विचारता. एक शब्दही टोमणा नाही. त्याने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

कांता बोलत नाही. पाणी हवं तर रुक्माला सांगते. मी खाटेच्या पायथ्याशी बसतो. तिने जा म्हटलं नाही, हेच पुष्कळ. मला या मुलाचं नाव ठेवायचं आहे. त्याला यार्डात नेऊन इंजिन दाखवायचं आहे. शत्रूपासून वाचवायला म्हणून मी त्याला डबीत घातलं आणि झाकण लावून वर सलाम ठोकला. माझ्यासारखा मूर्ख सगळ्या लढाईच्या इतिहासात झाला नसेल.

१२ डिसेंबर, बुधवार

दुपारी. वॉर्डात सगळ्या बाया झोपलेल्या. खिडक्या सताड उघड्या, मीच उघडल्या होत्या, नर्स थंडी म्हणून ओरडली तरी लावू दिल्या नाहीत. कांता एकटक छताकडे पाहत होती. मी नेहमीसारखा पायथ्याशी.

एकदम तिने श्वास रोखला. मला वाटलं, संपलं. मी उठलो, नर्सला हाक मारायला तोंड उघडलं, तर तिने माझं मनगट धरलं. तीन दिवसांनी पहिल्यांदा. माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर डाव्या बाजूला दाबला आणि दाबूनच धरला.

काही नाही. मी श्वास सोडेना. काहीच नाही. मी मनातल्या मनात हात जोडायला लागलो, एक हात मोकळा होता त्याने.

आणि मग आतून ठोसा बसला. असा सणसणीत, तळहाताच्या बरोबर मध्ये! मी ओरडलोच. शेजारची बाई दचकून उठली, नर्स धावत आली, मी तिला म्हटलं मारलं, मारलं, आणि रडायला लागलो. डॉक्टरीणबाई आल्या, कर्णा लावला, आणि बराच वेळ ऐकून पहिल्यांदाच हसल्या. "चांगले जोरात आहेत ठोके," म्हणाल्या.

सगळ्या गेल्यावर कांता माझ्याकडे पाहत होती. डोळे भरलेले, पण ओठांच्या कोपऱ्यात तेच ते थट्टेचं हसू.

"यानं मले नाही मारलं," ती म्हणाली. "तुमाले मारलं."

मी हात तसाच ठेवून खाली वाकलो आणि पोटाला म्हटलं, मार बाबा. अजून मार.